पाणी कुठे मुरतंय

वाने-आयकेल,
९ जानेवारी १९९४

ती. रोसविथाताईस,
सा. न. वि. वि.

ताई, नाताळात पाठवलेला चहा आणि खडीसाखर पोचली. मारलीसनं तू सांगितल्याप्रमाणे वरून साय सोडली आणि मला न ढवळता प्यायला लावलं. कॉफीपुढे मला तो काही लागत नाही, पण बायको तुला कळवेल म्हणून दोन कप प्यायलो. इकडे सगळे बरे आहेत. आमच्या स्वेन्याचं लग्न ऑगस्टात ठरलं. पोरगी आणि तिचा तो दोघं जागा शोधत वणवण फिरताहेत.

आता मुद्द्याचं. बाबांच्या खालच्या मजल्यावर पिओंतेकबाई राहतात, त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली आहे. आधी बशीएवढी होती, आता परातीएवढी झाली. बाईंनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या की तुमच्या वडिलांचे मासे एक दिवस माझ्या सूपात पडणार, आणि पडले तर मी ते खाणार, परत मागायला यायचं नाही. घरमालक कंपनीचा माणूसही येऊन छताला बोट लावून गेला.

तुला वाटेल की बाबांची माशांची काचेची टाकी गळत असेल. ती गळत नाही. ऑक्टोबरात मी स्वतः तिचे सगळे सांधे नव्या सिलिकॉननं भरले. तेव्हा तू म्हणाली होतीस की आईनं कुणाकडून तरी उचललेली जुनी टाकी, तिची कसली डागडुजी करता, नवी घ्या. मी म्हणालो, घरात एक धडधाकट माणूस रिकामा बसलाय, दुरुस्तच करू. खाण बंद झाल्यानंतर मी हातात घेतलेलं ते पहिलं काम. परवा बाबांना स्पष्ट विचारलं, तर छातीवर हात ठेवून म्हणाले की टाकी ठणठणीत आहे. मग पाणी येतं कुठून, असं विचारल्यावर खाली मान घालून सांगितलं की मीच विसरतो रे. टाकीत भर घालायला नळी सोडतो आणि पेपर वाचत बसतो, पाणी वरून वाहून जातं.

आणि हे एकच नाही. मारलीसकडे जुने टॉवेल मागतात. ती देते. थोड्या दिवसांनी परत मागतात, जसं काही आधी मागितलेच नव्हते. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा मारलीस मला बाजूला घेऊन म्हणाली की आता मात्र मला भीती वाटते. आज नळी विसरले, उद्या गॅस विसरतील. चर्चच्या मागच्या वृद्धाश्रमात एप्रिलअखेर एक खोली रिकामी होते आहे. मारलीसनं नाव घालून ठेवलंय. तिथं टाकी नेता येत नाही. मासे आमच्या मत्स्यमंडळातले लोक घेतील, आईचा लाडका मासा मुकादमसुद्धा. पण तू थोरली. तुझ्या होकाराशिवाय मी काही करणार नाही.

कळावे. लोभ वाढला नाही तरी चालेल, आटू देऊ नये.

तुझा
गिसबर्ट


एमडेन,
१६ जानेवारी

चि. गिसबर्ट यास,
अनेक आशीर्वाद. (या महिन्यापुरते.)

तुझं पत्र वाचलं आणि कुठेतरी पाणी मुरतंय हे लक्षात आलं. पिओंतेकबाईंच्या छतात मुरतंय त्याबद्दल मी बोलत नाही.

पहिल्या परिच्छेदात स्वेन्या जागा शोधते आहे. शेवटच्या परिच्छेदात बाबांची जागा रिकामी होते आहे. मधे तेवढी ओल. मी शाळा फार शिकले नाही, पण परिच्छेदाला परिच्छेद जोडता येतो मला. खाणकामगारांच्या जुन्या भाड्यातली ती जागा आहे, तशी आता शोधून मिळत नाही. मारलीसनं आधी नाव घातलं आणि नंतर तू माझा होकार मागितलास. हा मान मला ठेवायला जागा नाही.

आणि मुकादमाला मत्स्यमंडळात देणार? आई त्याला बोटाएवढा असताना घेऊन आली. दिवसभर लाकडाच्या बिळात बसायचं आणि जेवणाच्या वेळी बाहेर येऊन सगळ्यांना ढुसण्या मारायच्या, म्हणून तिनंच त्याला मुकादम म्हटलं. अंगावरचे काळे पट्टे बघून बाबा म्हणायचे की याची कोळशाची धूळ कधी धुतलीच जात नाही. आई गेल्यापासून बाबा सकाळी पहिलं बोलतात ते त्या माशाशी. तो नेला की पुढं कुणाशी बोलायचं ते मारलीसनं ठरवलंय का?

टाकीचंच दुखणं असेल तर नवी टाकी घ्या, निम्मा खर्च माझा. मी बाबांनाही तसं लिहिते आहे. त्यांना फोनवर काही ऐकू येत नाही, जन्मभर कानाशी ड्रिल चालवल्यावर आणखी काय होणार. आणि तू फोनवर नुसतं हो-हो म्हणतोस, म्हणून तुलाही लेखीच.

इकडे बांधावर वारा इतका आहे की ह्यांची टोपी दोनदा कालव्यात गेली. मारलीसला नमस्कार सांग. स्वेन्याला आशीर्वाद, तिचा यात काही दोष नाही.

माया आहेच, पण डोळे उघडे ठेवून.

ताई


वाने-आयकेल,
३० जानेवारी

चि. सौ. रोसविथा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सुक्या कोळंबीचं पुडकं मिळालं. मुकादम वासानंच बिळातून बाहेर आला. हल्ली त्याला डाव्या डोळ्यानं कमी दिसतं, म्हणून मी कोळंबी उजवीकडून देतो. म्हाताऱ्यानं म्हाताऱ्याची एवढी तरी सोय बघावी.

तू नव्या टाकीचं लिहिलंस. त्याचं नाव काढू नकोस. मला नवी टाकी नको, आणि तू ती पाठवलीस तर मी दारातून परत करीन. गिसबर्टनं सांध्यांना जी सिलिकॉनची पट्टी ओढली आहे ती तू बघायला हवी होतीस, पट्टीनं आखल्यासारखी रेघ आहे. दोन दिवस लागले होते. काम करताना शीळ घालत होता. बेसूर, पण शीळ. खाण बंद झाल्यापासून तो माझ्याकडे यायचा, खुर्चीत बसून स्वतःच्या हातांकडे बघायचा आणि उठून जायचा. त्याच्या तोंडून शीळ ऐकली आणि मला वाटलं की घरात कुणीतरी खिडकी उघडली.

पिओंतेकबाईंच्या छताचं म्हणशील, तर त्या बटाटे उकडताना भांड्यावर झाकण ठेवत नाहीत. ती वाफ जाते कुठे? शिवाय त्यांचा एक भाचा जागेच्या शोधात आहे. मी काही म्हणत नाही. फक्त वाफ आणि भाचा, दोन्ही लक्षात ठेव.

राहिलं विसरण्याचं. मी विसरतो हे खरं आहे. वय झालं. गिसबर्ट म्हणतो ते बरोबर आहे, सगळी चूक नळीची आणि माझी. कुणी विचारलं तर तूही असंच सांग.

तुमच्या शेजारच्या याकोबसच्या शेळीचा पाय बरा झाला का? गेल्या ईस्टरला पुढच्या डाव्या पायानं लंगडत होती. तिच्या दुधाचं चीज तू मला दिलं होतंस, त्यात जिरं जरा जास्त झालं होतं.

आणि हो, घरात जाड जुने टॉवेल असतील तर पाठव. मारलीसचे पातळ आहेत, पुरत नाहीत.

जावईबापूंना टोपीला नाडी बांधायला सांग. लोभ आहे तो टिकव, मी आहे तोवर तरी.

तुझे
बाबा


एमडेन,
६ फेब्रुवारी

चि. गिसबर्ट यास,
आशीर्वाद.

बाबांचं पत्र आलं. ज्या माणसाला गेल्या ईस्टरच्या शेळीचा पुढचा डावा पाय आठवतो, तो आपल्या खोलीतला नळ विसरतो? माझ्या सासूबाई शेवटी शेवटी मला नर्स समजायच्या, पण आपण विसरतो असं त्यांनी एकदाही कबूल केलं नाही. विसरणारा माणूस भांडतो की मी विसरत नाही. बाबा उलट मला गळ घालताहेत की मी विसरतो असं सगळ्यांना सांग.

गिसबर्ट, ते काहीतरी दडवताहेत. कुणालातरी पाठीशी घालताहेत. कुणाला, ते मला समजत नाही. पिओंतेकबाईंवर जरा जास्तच घसरलेत, तेव्हा त्या दोघांचं काही आहे का, असंही माझ्या मनात येऊन गेलं. हसू नकोस. आईला जाऊन चार वर्षं झाली, आणि बाई एरवी दारात सूप ठेवून जातात असं तूच सांगितलं होतंस.

मलाही त्यांनी टॉवेल मागितलेत. पाठवलेत. पण एक माणूस, एक न्हाणीघर, इतके टॉवेल लागतात कशाला? एकदा टाकीच्या खाली नीट वाकून बघ. तुझ्या मत्स्यमंडळाचा काही उपाय असेल तर तो कर. आणि तोवर त्या खोलीचे पैसे भरू नकोस.

तुझी संशयी
ताई


वाने-आयकेल,
१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. राग आला होता म्हणून मुद्दाम केला. स्वेन्याच्या नावानं तू जे लिहिलंस ते मारलीसनं वाचलं आणि दोन दिवस ती माझ्याशीही बोलली नाही. मी काय केलं होतं?

तू सांगितलंस तसं बघितलं. आमच्या मंडळाची रीत अशी की जुन्या टाकीबद्दल शंका आली की तिच्याखाली वर्तमानपत्र घालायचं. पाणी पुसलं तरी भिजलेला कागद सुरकुततो, तो पुन्हा सरळ होत नाही. म्हणून कुणी वापरलेली टाकी विकायला काढली की घेणारा आधी कागद मागतो. मी बाबांच्या देखत कागद घातला. पुढच्या रविवारी जेवायला गेलो तेव्हा काढून बघितला. कोरडा कडकडीत. त्याच्या पुढच्या रविवारीही तसाच. बाबा मागे उभे राहून म्हणाले की बघ, तुझ्या हातचं काम आहे, ते कसं गळेल? टाकीखालचं कपाट बघायला मागितलं तर म्हणाले की किल्ली सापडत नाही, आत माशांचं खाणं आहे. बघ, किल्लीही विसरले.

म्हणजे टाकी चांगली आहे ताई, आणि तेच वाईट आहे. टाकी गळत असती तर मी आनंदानं नवी आणली असती. गळतंय ते बाबांचं डोकं, आणि त्याचा सांधा मला भरता येत नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

दरम्यान पिओंतेकबाईंच्या छताचा पोपडा पडला, तो नेमका प्लमच्या केकवर, पाहुणे बसलेले असताना. घरमालकानं लिहून कळवलं आहे की मेअखेर पाणी थांबलं पाहिजे, नाहीतर जागा सोडावी. खोलीबद्दल एप्रिलअखेर हो की नाही सांगायचं आहे. तू ईस्टरला ये, स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि काय ते ठरव. बाबा आणि पिओंतेकबाई यांच्याबद्दल तू जे लिहिलंस ते मी जाळून टाकलं आहे.

भांडलो तरी लोभ तोच.

गिसबर्ट


एमडेन,
१० एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न.

सुखरूप पोचले. गाडीत तुम्ही दिलेलं उकडलेलं अंडं खाल्लं.

बाबा, कपाटाची किल्ली आई जिथं ठेवायची तिथंच होती, कॉफीच्या डब्यात. तुम्ही चर्चला गेल्यावर मी ती काढली. आत माझे टॉवेल, मारलीसचे टॉवेल, सगळे पिळून दोरीवर टाकलेले. खाली आईचं केक भाजायचं ताट, त्यात पाणी. आणि मागे सुरकुतलेल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. गिसबर्ट रविवारी यायचा, त्याआधी तुम्ही ओला कागद काढून कोरडा घालत होतात. ऐंशीच्या घरातला माणूस रोज सकाळी गुडघ्यांवर बसून फरशी पुसतो, आणि वर स्वतःला विसरभोळा म्हणवून घेतो! मला तुमचा इतका राग आला की मी ते कपाट लावायलाही विसरले. बघा, मीही विसरते.

तुम्ही परत आल्यावर हात धरून मला गप्प केलंत आणि वचन घेतलंत. मी ते पाळीन. पण तुम्ही मला उत्तर दिलं नाहीत, म्हणून पत्रात विचारते. लहानपणी तुम्ही आम्हाला सांगायचात की खाणीत दुसऱ्यानं लावलेला लाकडी टेकू आधी ठोकून बघायचा. बद्द आवाज आला तर ज्यानं लावला त्याला तिथल्या तिथं तोंडावर सांगायचं, मग तो सख्खा भाऊ का असेना. जो भिडेखातर गप्प बसेल त्याच्या शेजारी कुणी काम करत नसे. मग गिसबर्टचा टेकू बद्द वाजतोय आणि तुम्ही सहा महिने गप्प? त्याला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही घर सोडणार, मुकादम देऊन टाकणार आणि वेडे ठरणार?

तो तुम्हाला खोलीत नेऊन सोडेल आणि घरी जाऊन रडेल. मी त्याला ओळखते. तेव्हा त्याला सांगा, बाबा.

तुमची
रोसविथा


वाने-आयकेल,
१६ एप्रिल

चि. सौ. रोसविथा हिस,
अनेक आशीर्वाद.

दुसऱ्याच्या कॉफीच्या डब्यात हात घालायला तुला तुझ्या आईनं शिकवलं. माझ्याकडून हा गुण आलेला नाही.

टेकूचं तू बरोबर लिहिलंस. खाणीत मी सांगितलं असतं, कारण तिथं दगड माणसाच्या डोक्यावर पडतो. इथं नुसतं पाणी पडतं, तेही केकवर.

पहिल्या आठवड्यातच मला ओल दिसली. सांगणार होतो. पण तो आला तो दोन मित्रांना घेऊन, टाकी दाखवायला. खाणीतले त्याच्याबरोबरचे, तेही घरी बसलेले. तिघं कितीतरी वेळ टाकीपुढे उभे होते आणि हा त्यांना सांध्यांवरून बोट फिरवून दाखवत होता. मी पायानं पायपुसणं ओलीवर सरकवलं आणि त्यावर उभा राहिलो. एकदा उभा राहिल्यावर मला तिथून हलता आलं नाही, असं समज.

मला विसराळू म्हटलं तर माझं काय जातं? माझ्या वयाला ते शोभतं, लोक उलट सांभाळून घेतात. त्याला बिघडवणारा म्हटलं तर त्याच्याकडे काय उरलं? खाणीनं सांगितलं तुझी गरज नाही. आता बापानं सांगायचं का की तुझा हातही नीट चालत नाही?

त्या खोलीला खिडकी आहे म्हणतात. मुकादमाचं तेवढं मनाला लागतं, ते मी लपवत नाही. तुझी आई असती तर तिनं केव्हाच सांगून टाकलं असतं आणि त्याला राग येण्याआधी वाटाण्याचं सूपही वाढलं असतं. तिचं तोंड तुला मिळालं. मला नाही मिळालं, आणि आता या वयात कुठून आणू?

तू वचन दिलं आहेस.

तुझे
बाबा


एमडेन,
२० एप्रिल

चि. गिसबर्ट यास,
अनेक आशीर्वाद.

ईस्टरला मी काय पाहिलं ते मला विचारू नकोस. मी बाबांना शब्द दिला आहे आणि तो मोडणार नाही. पण तुला काही करायला सांगणार नाही, असा शब्द मी दिलेला नाही.

वृद्धाश्रमाला काही कळवण्याआधी एकदा बाबांकडे जा. रविवारी नको. कामाच्या दिवशी जा, सकाळी, न कळवता. ताजे पाव घे. घंटा वाजवू नकोस, तुझी किल्ली वापर.

आणि काहीही दिसलं तरी ओरडू नकोस. एवढं तुझ्या थोरल्या बहिणीसाठी कर.

ताई


वाने-आयकेल,
२४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो होतो.

बाबा टाकीपुढे गुडघ्यांवर बसून टॉवेल पिळत होते. अंगात झोपायचा सदरा आणि पायात आईचे लोकरी मोजे. मला बघून दचकले आणि म्हणाले की बघ ना, आज पुन्हा विसरलो, नळी वाहिली. ताई, नळी गुंडाळून खिळ्याला टांगलेली होती, कोरडी. त्यांनीही तिकडे बघितलं, मीही बघितलं.

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो. माझ्या त्या सरळ रेघेला खालच्या कोपऱ्यात नख लावलं तर ती सालीसारखी लांबच्या लांब सुटून हातात आली. तिच्याखाली जुनं सिलिकॉन जसंच्या तसं. मी जुन्यावरच नवं ओढलं होतं. नवं सिलिकॉन जुन्याला धरत नाही, आधी सगळं खरवडून काच उघडी करावी लागते, हे मंडळातलं शेंबडं पोरही सांगेल. मलाही माहीत होतं. पण खरवडायला दोन आठवडे गेले असते, आणि मला ते काम लवकर पुरं झालेलं बघायचं होतं. काहीतरी पुरं झालेलं बघायचं होतं.

आणि मी त्यांना वेडं ठरवलं. कागद कोरडा निघाला म्हणून मला आनंद झाला होता, ताई. बापाचं डोकं गेलं याचं दुःख होतंच, पण माझी रेघ शाबूत आहे याचा आतून आनंद होता. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

मला रडू आलं ते त्यांना आवडलं नाही. म्हणाले की ऊठ, फरशी ओली आहे, पार्श्वभाग भिजेल. मग आम्ही पाव खाल्ले.

खोलीला नाही म्हणून कळवलं. मारलीस स्वतः गेली सांगायला. स्वेन्याला बोखुममध्ये जागा मिळाली आहे, महिन्यापूर्वीच. तुला कळवलं नव्हतं कारण मारलीस म्हणाली की ताईंना आणखी थोडे दिवस संशय घेऊ दे, त्यांची तब्येत त्यानंच चांगली राहते.

आता नवी टाकी की हीच पुन्हा भरायची, यावर आमचं एकमत होत नाही. मी म्हणतो नवी घेऊ, माझ्या हातावर आता भरवसा नाही. बाबा म्हणतात की आधी तू ही नीट कर, मग बघू. हट्टाला पेटलेत. उद्यापासून खरवडायला घेतो.

तुझा
गिसबर्ट


वाने-आयकेल,
१९ जून

चि. सौ. रोसविथा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा राग निवळला असेल, माझाही निवळला. वचन तू अगदी वकिलासारखं पाळलंस.

टाकीची हकीकत लिहितो. गिसबर्ट रोज यायचा आणि ब्लेडनं जुनं सगळं खरवडायचा. मी दिवा धरून शेजारी. सगळे मासे न्हाणीघरातल्या टबात होते, मुकादम तोटीखाली तळ ठोकून. त्यामुळे माझी शनिवारची आंघोळ पिओंतेकबाईंकडे होत असे. त्यात काही नाही, तू काही समजू नकोस. गिसबर्टनं त्यांचं छत रंगवून दिलं आणि आता त्या बटाट्यावर झाकण ठेवतात. भाचा वाईट नाही. नवं सिलिकॉन भरल्यावर घरभर व्हिनेगरचा वास सुटला, तेव्हा बाईंनी खालून ओरडून विचारलं की काकड्यांचं लोणचं घातलंत का, मग एक बरणी इकडेही द्या.

रीतसर सुकू दिलं. मग टाकी भरली आणि खाली वर्तमानपत्र घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर मागच्या कोपऱ्यात कागद सुरकुतलेला.

तो कागद हातात घेऊन मी उभा राहिलो. तुला खरं सांगतो, कपाटात कोरडा पेपर होता, तुझे टॉवेल होते, आणि माझा हात तिकडे गेला. इतके दिवस त्यानं मान मोडून काम केलं होतं. पुन्हा कसं सांगायचं? तेवढ्यात किल्ली फिरली आणि तो पाव घेऊन आत आला. मी कागद त्याच्यापुढे धरला आणि म्हणालो की गळतंय रे, बाळा.

तो कागदाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग पाव टेबलावर ठेवून खाली बसला आणि कोपरा चाचपायला लागला. सिलिकॉन घट्ट होतं, नखानं निघेना. तळाच्या काचेलाच कडेला टवका उडालेला, कोण जाणे कधीचा. म्हणाला की ही आता कुणाच्या बापाच्यानं बुजायची नाही. बापाच्या देखत म्हणाला. मग मला विचारलं की नवी घ्यायची का. मी म्हणालो घेऊ. दोघांना मिळून पाव संपेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही.

नवी टाकी आली, तेवढ्याच मापाची. जुनी गिसबर्टच्या बागेत आहे, तिच्यात मारलीसनं टोमॅटो लावलेत. मुकादम दोन दिवस बाहेर आला नाही, मग कोळंबी दिसल्यावर आला आणि सगळ्यांना ढुसण्या मारल्या. टॉवेल धुऊन ठेवलेत, परत पाठवू का? चांगले जाड आहेत.

टाकी बसवताना गिसबर्ट पुन्हा शीळ घालत होता. सूर अजूनही चुकतो त्याचा. तेही मी त्याला सांगितलं.

तुला आणि तुझ्या संशयाला, दोघांनाही आशीर्वाद.

तुझे
बाबा